पाळण्याला हात

बहिरू : कुणाला म्हणून खरं वाटणार नाही, गोजराबाई, त्यामुळं मी आताशा सांगायचंच सोडून दिलंय. तुम्ही विंचूरहून एवढी जीप करून आलात म्हणून सांगतो. पण मधे बोलायचं नाही.

गोजराबाई : मी कशाला बोलू? तुमी सांगा मिस्त्री. पर खरं सांगा.

बहिरू : घ्या! सत्तर वर्षं पंचवटीत काढली मी. खोटं बोलायची हातोटी असती तर एखाद्या देवळाचा पुजारी झालो असतो, रंधा मारत बसलो असतो का? ऐका. ही शेड बघताय ना, हा महिला सुतारकाम वर्ग. एका संस्थेच्या बाईंनी पाच वर्षांपूर्वी काढला. टाकलेल्या, रांडावलेल्या, जिला कुणी उंबऱ्यात उभं करीना अशी एकेक शोधून आणली आणि मला म्हणाल्या, बहिरू मिस्त्री, यांना सुतार करा. मी म्हणालो, बाई, बाईचा हात लागला तर हत्यार बाटतं असं आमचे आजोबा म्हणायचे. बाई म्हणाल्या, मग हत्यारांना गोदावरीच्या गंगाघाटावर नेऊन अंघोळ घाला. घातली. मोठी करवत तर इतकी खूश झाली की पाण्याबाहेर यायला तयार होईना.

गोजराबाई : करवत?

बहिरू : मधे बोलायचं नाही म्हणालो ना. तर पहिल्याच दिवशी कुसाबाईच्या हातात रंधा दिला. आमची सगळ्यांत थोरली ती. तिनं फळीवर असा लावला आणि जी ढकलायला लागली ती थांबेचना. छिलका निघतोय, निघतोय, दाराबाहेर गेला, गल्ली उतरला, थेट गंगेच्या पायरीवर. तिथं एक बाई धुणं धूत होती. तिला वाटलं आपलंच पातळ वाहून चाललंय. तिनं धरलं, आपटलं, पिळलं आणि वाळत घातलं. संध्याकाळी नेसायला गेली तेव्हा कळलं, सागवान आहे.

वत्सला : मागच्या वेळी पातळ नव्हतं वस्ताद. भटजीचं सोवळं होतं.

बहिरू : ते दुसऱ्या दिवशीचं.

गोजराबाई : हे कोन बोललं मागून? गडीमानूस हाय का आत?

बहिरू : गडी कशाचा? तीच ही. वत्सला. जिच्या हातच्या पाळण्यासाठी तुम्ही आलात.

गोजराबाई : ही? अगं बया. मला वाटलं, असल अशीच कोनी तरी, जरा... आवाज तर पार आमच्या ट्रॅक्टरवाल्यावानी हाय.

वत्सला : हो, मीच. हिरवी साडी, कानावर पेन्सिल. बघून घ्या एकदा पोटभर, म्हणजे मला पाळण्याचा पुढचा पाय घासता येईल.

गोजराबाई : तिथंच उभी राहा. जवळ नको येऊस.

वत्सला : मी कुठं येतेय? तुम्हीच माझ्या शेडमध्ये आलाय.

गोजराबाई : बघा मिस्त्री, कशी बोलते. आमच्याकडं दिवाळीला येतात यांची लोकं, पदराचं टोक धरून पाया पडतात. ही तर सासूवानी बोलते.

बहिरू : तिचं मनावर घेऊ नका. आज तिचं डोकं जरा फिरलंय. बाकीच्या सगळ्या जणी कुसाबाईच्या लेकीच्या साखरपुड्याला गेल्या आणि हिला शेड राखायला ठेवली.

वत्सला : चौरंग तेवढा माझ्या हातचा नेला.

गोजराबाई : मंग? साखरपुड्यात हिला कोन बोलवील? नवरदेवाकडचे उठून जातील.

वत्सला : कुसाबाई अगदी हेच म्हणाली. शब्दाला शब्द.

बहिरू : अगं, पण तिनं तुला शेडमध्ये घेतलं ते विसरू नकोस. काय झालं गोजराबाई, की ही जेव्हा पहिल्यांदा दारात आली तेव्हा सातच्या सात बायका हत्यारं घेऊन उभ्या राहिल्या. कुसाबाई म्हणाली, आम्हाला नवऱ्यानं टाकलं, सासूनं टाकलं, गावानं टाकलं, पण आम्ही बाया आहोत. हिला काय म्हणायचं? तीन दिवस वाद. शेवटी अट ठरली. शेडमध्ये टाळी वाजवायची नाही. गिऱ्हाइकासमोर नाही, चेष्टेत नाही, डास मारायलासुद्धा नाही. जिथं टाळी वाजेल तिथून चालू लागायचं. आणि डबा वेगळा. हिनं कबूल केलं. आज पाच वर्षं झाली, हिच्या दोन तळव्यांची गाठ पडलेली नाही. डास हिच्या अंगावर येऊन बाळंत होतात.

गोजराबाई : ते ऱ्हाऊ द्या. पाळण्याचं सांगा. आमच्या विंचूरला कांद्याचा आडत्या हाय, त्याची बायको म्हनली, पंचवटीत एक हिजडा पाळने करतो, त्याच्या पाळन्याला नुसता हात लावला की मुलगाच. तिच्या सुनेला झाला. आता हाय वरसाचा.

वत्सला : सागवानी पाळणा आहे मावशी. कुठंही खिळा नाही, सगळे सांधे कुसू घालून बसवलेले. चार कोपऱ्यांवर चार पोपट आहेत. वीस वर्षं झोका द्या, कुरकुरणार नाही. मुलगा झोपवा नाहीतर मुलगी.

गोजराबाई : तुला नाय इचारलं.

बहिरू : आडत्याची सून! घ्या, ती तर कालची गोष्ट. तिच्या आधी तिला चार मुली. चौघी एका रांगेत उभ्या केल्या तर जिना व्हायचा. ती आली, पाळण्याला हात लावला आणि गेली. पुढं तिचे दिवस भरत आले तसा हा पाळणा इथं शेडमध्ये आपोआप हलायला लागला. वारा नाही, माणूस नाही. मी म्हणालो, वत्सला, विंचूरला कळा सुरू झाल्या बघ. तासाभरात कोपऱ्यावरच्या एसटीडीवर फोन. मुलगा! आणि मुलगा कसा? जन्मतः मुठीत कांदा धरलेला.

गोजराबाई : अरे देवा. हे नाय सांगितलं तिनं.

बहिरू : दृष्ट लागेल म्हणून नाही सांगत. बरं, माणसांचं सोडा. एकदा काय झालं, पाळणा उन्हात ठेवला होता पॉलिश वाळायला. गल्लीतून एक गाभण म्हैस चालली होती. तिनं अशी शेपटी उडवली, ती पाळण्याला लागली. झालं! महिन्यानं मालक काठी घेऊन दारात. मिस्त्री, म्हणाला, माझ्या म्हशीला टोणगा झाला तुमच्या पाळण्यामुळं, भरून द्या!

गोजराबाई : आता गं बाई! म्हशीला टोणगा? मंग मेलाच की बिचारा. टोणगा कोन पाळतो? म्हशीला पारडीच व्हावी.

वत्सला : म्हशीला पारडी झाली तर पेढे. बाईला झाली तर?

गोजराबाई : म्हशीचं आन् मानसाचं सारखं असतं का? पारडी दूध देते. पोरगी काय देते?

वत्सला : तुम्ही काय दिलंत?

गोजराबाई : चार मुलगे दिले! चार! आन् एक बी तुज्यासारखा नाय निघाला.

बहिरू : वत्सला, तू आत जा बरं. डिंक उतू चाललाय.

वत्सला : डिंक सकाळीच उतरवलाय. वस्ताद, किती दिवस हे? मावशी, इकडं बघा. हा माणूस थापा मारतो. चार वर्षं मारतोय. पहिल्या वर्षी आम्ही खुर्च्या केल्या, कुणी घेईना. बायकांच्या हातची खुर्ची, बसलं की मोडेल म्हणे. पाळणे केले, तेही पडून. मग यानं भाजीमार्केटात जाऊन ही पुडी सोडून दिली आणि लोक धावत आले. सांधा बघायला एक नाही आला. सगळे येतात ते मला हात लावून बघायला, नाहीतर माझा हात लागू नये म्हणून लांब उभं राहायला. पाळणा लाकडाचा आहे. लाकडाला पोटातलं कळत नाही. ज्यांना मुलगे झाले त्यांना व्हायचेच होते. ज्यांना नाही झाले ते परत सांगायला आले नाहीत.

गोजराबाई : मिस्त्री? हा काय म्हनतो?

बहिरू : अहो, देव कधी स्वतःच्या तोंडानं म्हणतो का, मी देव आहे म्हणून?

वत्सला : खोटं आहे. न्यायचा तर पाळणा म्हणून न्या.

गोजराबाई : पाळना म्हनून न्यायचा तर आमच्या गावचा सुतार काय मेला? आन् मूल यायच्या आधी पाळना घरात आनत बी नाहीत. हात लावायचा आन् बोलून ठेवायचा, एवढ्यासाठीच आले होते मी. बरं झालं, सांगितलंस. येळ वाचला माझा.

बहिरू : बसा तरी. चहा सांगितलाय.

गोजराबाई : नको. सून गंगेवर पाय धुवायला गेलीय, ती आली की निघते. तिकडं डॉक्टर थांबलाय.

बहिरू : बरं नाही का सूनबाईंना?

गोजराबाई : बरी हाय. चौथा म्हैना लागलाय. शहरात एक डॉक्टर हाय, मशीन लावून बघतो. तोंडानं सांगत नाय, कायदा हाय म्हनतो. मुलगा असंल तर म्हनतो, पेढे घ्या. पोरगी असंल तर, बर्फी घ्या. बर्फी म्हनला तर दुपारीच मोकळी करतो, संध्याकाळी घरी. माज्या पोरानं ठरवलंय सगळं.

वत्सला : सुनेला माहीत आहे?

गोजराबाई : तिला काय करायचंय? तपासनी हाय म्हनून सांगितलंय. पहिली पोरगी झाली, ती दिली ठेवून कळवनला तिच्या आईकडं. मी बारशाला सुदिक गेले नाय. आता दुसरी बी पोरगीच आली तर कुठं ठेवू? तिच्या आईचं घर काय गोठा हाय?

बहिरू : पण गोजराबाई, एवढं करायचंच होतं तर इकडं कशाला आलात?

गोजराबाई : खरं सांगू मिस्त्री? माज्या भावाची सून त्याच डॉक्टरकडं गेली होती. परत आली ती चादरीत. म्हनून मनात आलं, नुसता हात लावून काम होत असंल तर पोटाला कशाला हात घाला? पाळन्याची खात्री पटली असती तर डॉक्टरला नाय म्हनून सांगितलं असतं. पोराला मी समजावलं असतं. माझं ऐकतो तो. पर तुमचाच मानूस म्हनतो खोटं हाय. मंग काय, डॉक्टरच बरा.

वत्सला : थांबा.

गोजराबाई : थांबून काय करू? तो बघ, जीपवाला हॉर्न मारतोय.

वत्सला : मारू दे. मावशी, मी खोटं बोलले.

गोजराबाई : आता गं!

वत्सला : म्हणजे, तसंच बोलायचं असतं. आमच्या गुरूचा शब्द आहे. जो येईल त्याला आधी नाही म्हणायचं. जो 'नाही' ऐकून उठून जातो त्याच्या नशिबात नसतं. जो थांबतो त्याला मिळतं. वस्ताद, सांगा ना.

बहिरू : हां... ते आहेच. मी म्हटलं सांगावं का नाही. गुपित आहे ना ते.

वत्सला : चार वर्षांत एकदा चुकला का पाळणा वस्ताद?

बहिरू : एकदा? छे! उलट जास्तच होतं. ओझरच्या एका बाईनं दोन्ही हात लावले, तिला जुळे.

वत्सला : सगळे मुलगे. एकजात मुलगे. या रंध्याची शपथ घेते.

गोजराबाई : रंध्याची शपथ आमच्यात नाय चालत. अन् आत्ता तर म्हनलीस, लाकडाला कळत नाय.

वत्सला : लाकडाला नाही कळत. मला कळतं. मी घडवते. आम्हाला मूल नाही मावशी, म्हणून देवानं आमच्या जिभेवर दुसऱ्याचं मूल ठेवलंय. तुमच्याकडं दिवाळीला येतात त्यांचा आशीर्वाद घेता ना? मग?

गोजराबाई : ती खरी असतात. तू खरी हायस कशावरून? पँट घालनारी पोरं बी आजकाल साडी नेसून पैसे मागत फिरतात. मला काय ठाऊक, तू कोन हायस ते.

बहिरू : गोजराबाई, हे जरा...

गोजराबाई : तुमी गप बसा मिस्त्री. माज्या घराण्याचा दिवा हाय. खात्री करूनच जाईन. दाखव.

वत्सला : काय दाखवू?

गोजराबाई : तुला म्हाईत हाय काय. तुमच्यात दाखवतातच की. मारामारीत भर बाजारात दाखवता, मग इथं काय लाज?

बहिरू : वत्सला, नको. जाऊ दे त्यांना. कुणाकुणाला धरून ठेवणार आहेस तू?

वत्सला : तोंड फिरवा वस्ताद.

बहिरू : अगं, म्हातारा माणूस मी...

वत्सला : फिरवा म्हणते ना. त्या करवतीकडं बघा.

गोजराबाई : अशी उजेडात ये. हां. बास. सोड खाली.

बहिरू : झालं? वळू का?

गोजराबाई : वळा. खरी हाय. आता टाळी वाजव.

बहिरू : टाळी नाही हां, गोजराबाई. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, ती अट आहे. शेजारच्या पिठाच्या गिरणीत कुसाबाईची बहीण बसते. भिंत पत्र्याची आहे. इकडं टाळी वाजली की तिकडं साखरपुड्यात बातमी.

गोजराबाई : टाळीबिगर आशीर्वाद असतो का कधी? नाय वाजवायची तर ऱ्हाऊ दे. मी चालले.

वत्सला : वाजवते.

बहिरू : कुठं जाशील गं मग? पुन्हा सिग्नलवर? पाच वर्षं घालवलीस या हातांवर. असा सांधा बसवणारा पंचवटीत दुसरा नाही, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, आज बोलतो. आणि ही थाप नाही.

वत्सला : आजच बोलायचं सुचलं तुम्हाला.

(टाळी वाजते. गिरणीचा पट्टा थांबतो.)

गोजराबाई : अशी नाय. हे काय, पोळी लाटल्यावानी. जोरात. तुमची असते तशी, बोटं फाकून.

वत्सला : हाय हाय! लेकुरवाळी होवो तुझी सून! दुधाची धार, पाळण्याला भार! चंद्रासारखा नातू खेळवशील मांडीवर, विंचूरच्या वेशीपर्यंत पेढे वाटशील! वत्सलाचा शब्द आहे, जाईल तर वत्सला जाईल, शब्द नाही जायचा!

गोजराबाई : हां! आता कसं. अंगावर काटा आला बघा मिस्त्री. आता पटलं. हिच्या घशात हाय काही तरी.

बहिरू : आहे. घशात आहे खरं काही तरी तिच्या.

वत्सला : मग डॉक्टर नाही ना मावशी?

गोजराबाई : नाय आता. कशाला? सून आली की हात लावते पाळन्याला, आन् कोपऱ्यावरनं फोन करून सांगते येत नाय म्हनून. पोर जरा चिडंल. चिडू दे. मिस्त्री, पाळना बोलून ठेवला हां मी. चार पोपटांचा. दुसऱ्या कुनाला नाय द्यायचा.

बहिरू : दुसऱ्यानं नुसतं बघितलं तर पोपट डोळे फोडतील त्याचे.

गोजराबाई : आली बघा. पूजा, ए पूजा! हिकडं! चपला भाएर काढ.

पूजा : आई, इथं आहात होय? मी जीपपाशी शोधून आले. काय गर्दी आहे गंगेवर, सिंहस्थाला दोन वर्षं आहेत अजून तरी... अय्या! वत्सला मावशी!

वत्सला : मी नाही ओळखत तुला बाळ.

पूजा : असं काय करता? मी पूजा. कळवणची. पुंजाराम अण्णांची मुलगी. अण्णा टमाटे घेऊन मार्केटला यायचे बघा...

वत्सला : खूप जण येतात टमाटे घेऊन. तुला दम लागलाय किती. बोलू नकोस आधी. वस्ताद, माठातलं पाणी द्या तिला.

बहिरू : हे घे पोरी. सगळा तांब्या पी. एका दमात प्यायचा असतो इथं, मधे बोललं की फळत नाही.

गोजराबाई : तुमची कशी ओळख गं?

वत्सला : नाहीच ओळख. आमच्यासारख्या सगळ्या सारख्याच दिसतात लोकांना. पूजा, ये, हा पाळणा आहे, याला हात लाव आणि गप आईंच्या मागं घरी जा. आजच्या दिवस बोलायचं नाही. तोंडातून शब्द काढलास तर आशीर्वाद उलटतो. कळलं? एक शब्द नाही.

पूजा : बरं बाई. पण माझ्या पहिल्या वेळेला तर बोलले होते की मी. किती बडबड केली होती, आठवतं?

गोजराबाई : पहिल्या येळंला?

बहिरू : दुसरं कुणीतरी असेल हो. हिच्यासारखी एक यायची, दाभाडीची...

पूजा : नाही वस्ताद, मीच. सातव्यात माहेरी आले तेव्हा अण्णांनी आणलं होतं इथं. तुम्हीच म्हणालात, लाव हात पोरी, मुलगाच होतोय. अण्णा किती हसले होते! मावशींनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, जे होईल ते गुणी होवो. आई, अण्णांनी इथून नेलेला कसला भारी पाळणा आहे हो. असेच चार पोपट. आपली सृष्टी तीन वर्षांची झाली, पाय बाहेर येतात तरी अजून त्यातच झोपते. म्हणते, पोपट दिसल्याशिवाय झोप येत नाही मला.

वत्सला : मावशी, ऐका माझं. तेव्हा मी टाळी वाजवली नव्हती. म्हणून. टाळीत असतं सगळं. आज वाजवली ना तुमच्यासमोर? पाच वर्षांत पहिल्यांदा. ती फुकट नाही जायची.

बहिरू : हां, बरोबर! टाळी नव्हती तेव्हा! टाळीशिवाय नुसतं लाकूडच ते.

गोजराबाई : पाच वर्सांत पहिल्यांदा.

वत्सला : पहिल्यांदा. कुणालाही विचारा. गिरणीत विचारा.

गोजराबाई : मंग आडत्याच्या सुनेला मुलगा झाला तो कशानं झाला? ओझरच्या जुळ्यांना टाळी कोनी वाजवली?

पूजा : काय झालं आई? मी काही चुकीचं बोलले का?

गोजराबाई : नाय गं. तू एकलीच खरं बोललीस. मिस्त्री खोटा, हा बी खोटा. ऊठ, चपला घाल. डॉक्टर जेवायला उठायच्या आत पोचू.